वाचकांचे प्रश्न: कॅथलॅबमध्ये डोळे सांभाळताना

प्रश्न: मी कॅथलॅबमध्ये (एक्स-रेखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर प्रक्रिया करतात त्या खोलीत) रोज अँजिओप्लास्टी करतो. सध्याचा लेड चष्मा (शिसंयुक्त काचेचा) 0.5 मिमी शिशाइतका आहे. 0.75 मिमीचा घेतला तर डोळ्यांना जास्त संरक्षण मिळेल का?

उत्तर: फारसं नाही. 0.5 मिमीची काच समोरून येणारे बहुतेक किरण अडवतेच. डोळ्यापर्यंत जे पोहोचतं, ते काचेतून कमी आणि चष्म्याच्या कडेने जास्त. तुम्ही रुग्णाच्या उजव्या हाताला उभे असता, म्हणजे त्याची छाती तुमच्या डावीकडे आणि डोळ्यांच्या बरीच खाली. एक्स-रे ट्यूबमधून निघालेला झोत तुमच्याकडे येत नाही. तो रुग्णाच्या शरीरावर आदळून विखुरतो आणि ते विखुरलेले किरण डावीकडून, खालून वर येतात. गाल आणि काचेची खालची कड यांत बोटभर फट असली की ते तिथून थेट आत शिरतात. डाव्या डोळ्याला उजव्यापेक्षा जास्त डोस मिळतो तो याच मांडणीमुळे. शिवाय काही किरण तुमच्याच चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या ऊतींवर आपटून काचेच्या मागे वळतात. त्यांच्यापुढे काचेची जाडी काही करू शकत नाही.

म्हणून जाडी सोडा, बसणं बघा. खोलीत अंधार करून नेहमीच्या जागी उभे राहा आणि मॉनिटरकडे बघा. सहकाऱ्याला रुग्णाच्या छातीच्या उंचीवरून, डावीकडून टॉर्च मारायला सांगा. फ्रेमखालून किंवा कानशिलाकडून प्रकाश डोळ्यावर पडला, तर किरणही तिथूनच येतात. डोळ्यांभोवती वळणारी, गालाला टेकणारी, बाजूलाही शिसं असलेली फ्रेम घ्या. नंबर असेल तर तो त्याच काचेत बसवून घ्यावा. नंबरच्या चष्म्यावर लेड चष्मा चढवला की तो पुढे सरकतो आणि फट पुन्हा उघडते. साध्या चष्म्याने संरक्षण मिळतं, हा गैरसमज.

प्रश्न: मी कॅथलॅब टेक्निशियन आहे. छताला टांगलेलं शील्ड (किरण अडवणारा पारदर्शक पडदा) आमच्याकडे आहे, पण डॉक्टर ते केस सुरू झाली की बाजूला सारतात. चष्मा असताना त्याची खरंच गरज आहे?

उत्तर: चष्म्यापेक्षा जास्त. शील्ड किरण चेहऱ्यापर्यंत येण्याआधीच अडवतं, त्यामुळे डोळे, डोकं, मान सगळंच झाकलं जातं आणि ऊतींवरून वळून येणारे किरणही घटतात. चष्मा ही दुसरी फळी.

ते बाजूला का सारलं जातं, हे आधी शोधा. बहुतेकदा त्यातून नीट दिसत नाही. निर्जंतुक आवरण सैल, चुण्या पडलेलं असतं. किंवा शिसंयुक्त अ‍ॅक्रिलिक रोज स्पिरिटने पुसून त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट चालत नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे. आवरण ताणून, पाठीमागून बांधा.

मग जागा. शील्डची खालची, अर्धगोल कापलेली कड रुग्णाच्या अंगाला टेकायला हवी. हातभर वर लटकणारं शील्ड डोळ्यांसमोर दिसतं म्हणून समाधान देतं, पण किरण त्याच्या खालून निघून जातात. कडेला शिशाच्या रबराच्या पट्ट्या असतील तर त्या रुग्णावर पसरू द्या. खरी गडबड होते ती कोन बदलताना. सी-आर्म (ट्यूब आणि डिटेक्टर धरणारी सी-आकाराची कमान) फिरला की डिटेक्टर (रुग्णाच्या वरचा, चित्र टिपणारा भाग) शील्डला ढकलतो, आणि ते परत जागेवर आणायचं राहून जातं. नेमकं एलएओ (डावीकडून तिरक्या) कोनात हे महागात पडतं: डिटेक्टर रुग्णाच्या डावीकडे जातो, म्हणजे ट्यूब उजवीकडे, डॉक्टरांच्या बाजूला येते. झोत जिथे शरीरात शिरतो, त्या बाजूला विखुरणं सर्वांत जास्त. ‘कोन बदलला, शील्ड लावलं’ असं मोठ्याने म्हणायची सवय तुम्हीच लावा. एक्स-रेच्या पेडलवर पाय असलेल्या माणसाच्या ते लक्षात राहत नाही. टेबलाखालचे लेडचे पडदे पायांसाठी असतात, डोळ्यांना त्यांचा उपयोग नाही.

तुमच्या हातात आणखी बरंच आहे. फ्लुरो (पडद्यावर चालू दिसणारं एक्स-रे चित्र) सेकंदाला 15 ऐवजी 7.5 पल्सवर (किरणांच्या झटक्यांवर) ठेवलात तर डोस जवळपास निम्मा होतो. काही यंत्रं प्रत्येक पल्स थोडी वाढवतात, म्हणून नेमका निम्मा नव्हे. कॉलिमेटर (झोताची रुंदी ठरवणाऱ्या पट्ट्या) आवळा, डिटेक्टर रुग्णाच्या जवळ आणा. सिने (नोंदवून ठेवायचं, जास्त स्पष्ट चित्रण) फ्लुरोपेक्षा कितीतरी पट जास्त डोस देतं. जिथे साठवलेली फ्लुरो पुरते तिथे सिने टाळा.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे, टेबलापासून दोन पावलांवर असते. मलाही चष्मा लागेल?

उत्तर: अंतर हा तुमचा मोठा आधार. रुग्णाच्या छातीपासून अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाई. सिने चालू असताना तरी पुढे येऊ नका; औषध द्यायचं असेल तर ‘थांबा’ म्हणा. रुग्णाच्या डोक्याशी उभे राहणारे भूलतज्ज्ञ आणि हृदयाच्या झडपेच्या प्रक्रियेत इको करणारे डॉक्टर जास्त धोक्यात असतात, कारण टांगलेलं शील्ड मुख्य डॉक्टरांपुरतं लावलेलं असतं. त्यांना चाकांवरचं वेगळं शील्ड आणि चष्मा दोन्ही हवेत.

प्रश्न: डोळ्यासाठी मर्यादा किती? माझा डोस मोजणारा बॅज शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत असतो.

उत्तर: 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने डोळ्यातल्या भिंगासाठीची शिफारस वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून (हे डोसचं एकक) 20 वर आणली: पाच वर्षांची सरासरी 20, आणि कोणत्याही एका वर्षात 50 पेक्षा जास्त नाही. मोतीबिंदूचा उंबरठा सुमारे 0.5 ग्रे (एक्स-रेसाठी म्हणजे 500 मिलिसिव्हर्ट) धरला गेला. हिशेब करून बघा: वर्षाला 400 केसेस करणाऱ्याला केसमागे सरासरी 50 मायक्रोसिव्हर्ट (1,000 मायक्रो म्हणजे 1 मिलि) मिळाले, की 20 मिलिसिव्हर्ट संपले.

अ‍ॅप्रनच्या आतला बॅज डोळ्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण डोळा अ‍ॅप्रनबाहेर आहे. दुसरा बॅज डाव्या कॉलरवर, अ‍ॅप्रनच्या बाहेर लावा. त्याचं रीडिंग हा उघड्या डोळ्याचा अंदाज असतो. चष्मा आहे म्हणून त्याला मनाने दहाने भागू नका. फटी धरून लेड चष्मा प्रत्यक्षात डोस दोन ते पाच पटच कमी करतो असं समजून चाला.

प्रश्न: डोळे तपासताना नेत्रतज्ज्ञांना काय सांगायचं?

उत्तर: कॅथलॅबमध्ये किती वर्षं काम केलं ते, आणि ‘बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर भिंगाची मागची बाजू बघा’ एवढं. किरणांमुळे होणारा मोतीबिंदू सहसा तिथे, मागच्या आवरणाला लागून, मधोमध सुरू होतो. दुखत नाही, आणि दिसायला वर्षं लागतात. उन्हात वाचताना धूसर दिसणं किंवा रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरणं ही आधीची खूण. स्टेरॉइड आणि मधुमेहानेही असाच मोतीबिंदू होतो, तेही सांगा.