‘तुला साधं कलेक्शनही जमत नाही?’

इंटर्नशिपचा तिसरा महिना, मेडिसिनची पोस्टिंग. एमबीबीएसची सगळी वर्षं पहिल्या प्रयत्नात पास झालेली एक मुलगी समुपदेशनाला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिने घेतलेली रक्ताची सॅम्पल लॅबमधून ‘हिमोलाइझ्ड’ (लाल पेशी फुटलेल्या) असा शेरा घेऊन परत यायची आणि राउंडला सगळ्यांसमोर रेसिडेंट डॉक्टरांकडून वरचं वाक्य ऐकावं लागायचं. ‘मी डॉक्टर व्हायच्या लायकीचीच नाही,’ ती म्हणाली.

आधी झोप, भूक, रडू येणं याची चौकशी केली. जगणं नकोसं वाटतं का, हेही थेट विचारलं. तसं काही नव्हतं. असतं तर त्याच दिवशी मानसोपचार ओपीडीत पाठवलं असतं. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करता येतो, हे मात्र तिला लिहून दिलं.

लायकी दुरुस्त करता येत नाही, कलेक्शन म्हणजे रक्त घेण्याची पद्धत दुरुस्त करता येते. म्हणून सात दिवस वहीत नोंद ठेवायला सांगितली: वेळ, बेड नंबर, कोणती शीर, कोणती सुई, किती टोचण्या, लॅबचा शेरा. परत आलेली बहुतेक सॅम्पल पहाटे घाईत घेतलेली निघाली.

कारणं वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरांनी दाखवली. हे काम त्यांचंच; समुपदेशकाने तंत्र शिकवायला जाऊ नये. शीर शोधेपर्यंत टूर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) बांधलेलाच राहायचा. तो मिनिटाच्या आत सुटायला हवा. बारीक सुईने पिस्टन जोरात ओढला जायचा, मग त्याच सुईतून रक्त बल्बमध्ये (सॅम्पलच्या नळीत) दाबून सोडलं जायचं. त्यात लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. आता ती सुई काढून, बल्बचं झाकण उघडून, रक्त कडेने हळू सोडते. आधी सायट्रेटचा बल्ब, खुणेपर्यंत बरोबर; मग प्लेन, नंतर ईडीटीए. (सायट्रेट आणि ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी रसायनं; प्लेन बल्बमध्ये ती नसतात.) ईडीटीएचा थेंब प्लेनमध्ये गेला तरी पोटॅशियम चुकतं. ईडीटीए बल्ब आठ-दहा वेळा हलकेच उलटासुलटा करायचा, खळखळवायचा नाही. नाव बेडपाशीच लिहायचं.

रेसिडेंटचा सूर अपमानाचा होता, पण तक्रार खरी होती. खोट्या पोटॅशियमवर पेशंटला नको ते उपचार मिळू शकतात. हे तिला स्पष्ट सांगितलं. नुसतं ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणं तिच्यावर आणि पेशंटवरही अन्याय ठरलं असतं.

मग रेसिडेंटशी बोलायची तालीम केली. ‘सर, माझं काम कसं चाललंय?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. राउंड संपल्यावर, एकटे असताना विचारायचं: ‘सर, सॅम्पल हिमोलाइझ होतायत. सुई काढून भरायला लागले आहे. उद्या एक कलेक्शन बघाल का?’ त्यांनी बघितलं. टूर्निके अजून उशिरा सुटतोय, एवढंच म्हणाले.

राउंडमधल्या ऑर्डर विसरण्यावर खिशातला दुमडलेला कागद पुरला: बेड, काम, झालं, रिपोर्ट आला. दोन टोचण्यांत शीर मिळाली नाही तर तिसरी न टोचता सीनियरला बोलवायचं, हेही ठरलं. याला तिने सर्वांत जास्त विरोध केला. मदत मागणं म्हणजे हार, असं तिला वाटायचं.

चौथ्या आठवड्यात दोन सॅम्पल परत आली. त्यातलं एक दोन्ही हात सुजलेल्या आजींचं होतं, आणि त्यांच्यासाठी तिने दुसऱ्या टोचणीनंतर सीनियरला हाक मारली होती.