उजव्या बाजूचा अटॅक आणि शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट

ईसीजीच्या कागदावर ‘इन्फिरिअर वॉल’च्या (हृदयाची खालची भिंत) पुढे ‘आरव्ही’ (हृदयाचा उजवा कप्पा) अशी दोन अक्षरं दिसली की घरच्यांची झोप उडते. त्यावरून येणाऱ्या शंका बहुतेक त्याच त्याच असतात, म्हणून आजचे सगळे प्रश्न याच विषयावरचे.

वडिलांना उजव्या बाजूचा अटॅक होता म्हणतात, पण दुखत तर डावा हात होता. रिपोर्ट चुकला का? (चाळीसगाव)

नाही. हृदयाचा कुठला कप्पा अटॅकमध्ये सापडला यावर दुखण्याची बाजू ठरत नाही.

मे महिन्यात केळीच्या बागेतून घरी आल्यावर काकांना दरदरून घाम, उलटी, छातीत जळजळ. ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस आणि पन्हं दिलं. तासाभराने शेजाऱ्यांनी त्यांच्याकडची सॉर्बिट्रेट (छातीदुखीची गोळी) जिभेखाली ठेवली आणि काकांनी डोळेच फिरवले. गोळी मुदतीबाहेरची असेल का? (यावल)

गोळीत काही खोट नसावी. ती ज्याला द्यायची नाही त्याला दिली गेली.

हृदयाला रक्त पुरवणारी उजवी धमनी सुरुवातीलाच बंद पडली, तर हृदयाच्या खालच्या भागाबरोबर उजवा कप्पाही मार खातो. खालच्या भागाच्या अटॅकमध्ये साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या रुग्णांपर्यंत हे घडतं. असा लुळा पडलेला कप्पा स्वतःच्या जोरावर रक्त ढकलू शकत नाही. मागून येणाऱ्या रक्ताच्या दाबावरच तो चालतो. सॉर्बिट्रेट शिरा सैल करते, रक्त हातापायांत साठतं, उजवीकडे येणारा ओघ आटतो. मग डाव्या कप्प्याला पुढे ढकलायला रक्तच उरत नाही आणि बीपी कोसळतं. त्यात काका उन्हातून आलेले, अंगातलं पाणी आधीच कमी.

म्हणून दुसऱ्याची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. ‘अटॅक आला की आधी सॉर्बिट्रेट’ हा मोबाइलवर फिरणारा सल्ला अर्धवट आहे. वरचं बीपी ९० च्या खाली, नाडी फार मंद, किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल अथवा ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्या) घेतलेली असेल, तर ही गोळी चालतच नाही. अशा वेळी माणसाला आडवं करा, चक्कर असेल तर पाय उंच ठेवा, १०८ ला फोन लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून द्या, तेही १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून.

आणि कांद्याच्या रसात गेलेला तो तास! ऊन लागलं असं वाटलं तरी चाळिशीपुढच्या माणसाला घाम, उलटी आणि छातीत जळजळ एकत्र होत असेल, तर आधी ईसीजी.

नेहमीचा ईसीजी उजवा कप्पा नीट दाखवत नाही. त्यासाठी छातीवरचा चौथा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला, पाचव्या-सहाव्या बरगडीमधल्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर लावून पुन्हा पट्टी काढतात. त्या पट्टीवर पेनाने ‘उजवी बाजू’ लिहायचं, नाहीतर पुढचा डॉक्टर फसतो. पट्टीवरची रेघ एक मिलिमीटर किंवा जास्त वर उचललेली दिसली की संशय पक्का. हे बदल काही तासांत पुसले जातात, म्हणून पट्टी लगेच निघायला हवी. तुम्ही स्वतःहून विचारा, ‘उजवीकडचा ईसीजी काढला का?’ विचारण्यात लाज कसली?

अटॅकमध्ये सलाईन चालत नाही असं ऐकलं होतं. तरी डॉक्टरांनी दोन बाटल्या लावल्या. (अमळनेर)

ऐकीव गोष्टीवर डॉक्टरांशी भांडू नका. बीपी कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि फुप्फुसं कोरडी असतील तर सलाईन हाच पहिला उपाय. २५० ते ५०० मिली द्यायचं, पुन्हा तपासायचं. लिटरभर जाऊनही बीपी उठलं नाही तर आणखी ओतून उपयोग नसतो. फुगलेला उजवा कप्पा डाव्यालाच दाबतो. तिथून पुढे डोब्युटामिन, नॉरॲड्रेनालिनसारखी बीपी उचलणारी औषधं. ठोके अडखळले तर तात्पुरता पेसमेकर.

आमच्याकडे अँजिओप्लास्टी होत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच घ्यावं की जळगाव-धुळ्याला पळावं? (धडगाव)

निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल आणि इंजेक्शनला मनाई करणारं कारण नसेल, तर इंजेक्शन तिथेच आणि लगेच; मग गाडी. घाटरस्त्याचा वेळ धरूनच हिशेब करा. ‘भाऊ आल्यावर ठरवू’ म्हणून थांबू नका.

इकोत उजवी बाजू कमजोर आली. आता आयुष्यभर अशीच राहणार? (शहादा)

बहुधा नाही. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, तिला प्राणवायू कमी लागतो आणि डावीकडूनही थोडं रक्त मिळतं. धमनी वेळेत उघडली तर काही आठवड्यांत कप्पा बराचसा सावरतो. धोका सुरुवातीच्या दिवसांत खरा. तेव्हा नुसत्या खालच्या भागाच्या अटॅकपेक्षा मृत्यू जास्त होतात. पुन्हा इको कधी, ते तुमचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. लघवीची गोळी आणि सॉर्बिट्रेट पुन्हा सुरू करायची का, हेही त्यांनाच विचारा.

‘ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ’ असं ३५ बैठकांचं पॅकेज घ्यावं का? (भुसावळ)

नको. पायांना पट्टे बांधून दाब देण्याची ती पद्धत जुनाट छातीदुखीच्या काही निवडक रुग्णांना आराम देते. ब्लॉकेज ती साफ करत नाही आणि ताज्या अटॅकचा तो इलाज नव्हे. पैसे भरण्याआधी अँजिओग्राफीची सीडी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा.

केळी खाल्ली तर चालतात ना? (रावेर)

चालतात. मधुमेह असेल तर प्रमाण विचारून घ्या. केळ्यात पोटॅशियम असतं; ते वाढवू शकणारी रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल आणि किडनी कमजोर असेल, तर आधी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासून डॉक्टरांना दाखवा.