सगळं जग वापरायला लागल्यावर रॉयल्टी मागणं ही लबाडी नाही का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला रागातून आलेला: एखादं तंत्रज्ञान आधी जगभर पसरू द्यायचं आणि लोक त्यात पुरते अडकले की पेटंट पुढे करून पैसे मागायचे, हे कायद्यात बसतं तरी कसं? दुसरा पोटापाण्याचा: तुम्हाला स्वस्तातला डॅशकॅम (गाडीत बसवून रस्ता टिपणारा कॅमेरा) बाजारात आणायचाय, तर उद्या तुमच्याही पत्त्यावर रॉयल्टी मागणारं पत्र येईल का?

मी पुण्यात अशाच छोट्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर, लिहितो. वकील नाही, त्यामुळे हे कायदेशीर सल्ला म्हणून वाचू नका. पण मालाचा खर्च मांडताना रॉयल्टीची ओळ कुणी कोरी सोडली की ती भरून आणायचं काम बहुतेकदा माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून हा विषय थोडाफार अंगवळणी पडलाय.

माझं मत आधीच सांगतो. रॉयल्टी मागणं ही लबाडी नाही. पेटंट आहे हे दडवून ठेवणं ही लबाडी. आणि मागणारा तुमच्या नाइलाजाची किंमत लावू लागला, तर कागद कितीही स्वच्छ असोत, ती वसुलीच.

दडवण्याचं, किंवा निदान फार उशिरा तोंड उघडण्याचं, ठळक उदाहरण म्हणजे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं जीआयएफ, चित्रं साठवायचं फाइल फॉरमॅट. टेरी वेल्च या अभियंत्यानं १९८४ साली डेटा आकसवण्याची एक पद्धत संगणकाच्या नियतकालिकात छापली. तिलाच पुढे एलझेडडब्ल्यू म्हणू लागले. त्याच्या कंपनीनं आदल्याच वर्षी पेटंटचा अर्ज टाकला होता, पण अमेरिकेत तेव्हा मंजुरी मिळेपर्यंत अर्ज गुप्त राहायचा. १९८५ मध्ये पेटंट मिळालं आणि कंपन्यांच्या विलीनीकरणात ते युनिसिस या संगणक कंपनीकडे गेलं. इकडे कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीनं १९८७ मध्ये तीच पद्धत वापरून जीआयएफ काढलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. पुढची सात वर्षं कुणी काही बोललं नाही. १९९४ च्या डिसेंबरात, वेबचं नुकतंच बस्तान बसत असताना, जाहीर झालं की जीआयएफ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला लायसन्स लागेल. गाव वसून झाल्यावर वेशीत नाका उभारावा, तसला प्रकार.

लोक इतके चिडले की काही महिन्यांतच पर्यायी फॉरमॅटचं काम सुरू झालं. आज आपण सर्रास वापरतो ते पीएनजी त्या चिडीतून जन्माला आलं. अमेरिकेतलं पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपलं आणि मग जीआयएफ पुन्हा मोकळं झालं. (आज व्हॉट्सअॅपवर 'सुप्रभात'चे जीआयएफ पाठवणाऱ्या मंडळींना या लढाईचा पत्ताही नाही.)

फोटो साठवायच्या जेपीईजी फॉरमॅटचं प्रकरण मला याहून वाईट वाटतं. टेक्सासमधल्या फोर्जंट नावाच्या कंपनीकडे दुसऱ्या एका कंपनीच्या खरेदीतून १९८६ मध्ये अर्ज केलेलं एक पेटंट आलं होतं. जेपीईजीचं स्टँडर्ड (सगळ्यांनी पाळायचं तांत्रिक मानक) ठरून दहा वर्षं उलटल्यावर, २००२ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की जेपीईजी आमच्या पेटंटमध्ये येतं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी दहा कोटी डॉलरहून जास्त गोळा केले. २००६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं फेरतपासणीत त्यातले महत्त्वाचे दावे नाकारले, पण तोवर मिळवायचं ते मिळवून झालं होतं.

याउलट एमपी३. फ्राउनहोफर ही जर्मन संशोधन संस्था आणि थॉमसन ही फ्रेंच कंपनी यांनी दरपत्रकच उघड लावलं होतं, वाजवणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पाऊण डॉलर. ज्यांना परवडत नव्हतं ते कुरकुरले, पण फसवलं असं म्हणायला जागा नव्हती. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तो लायसन्सचा कार्यक्रमच बंद केला.

आता असे घोळ टाळायला स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्था काय करतात? बैठकीत भाग घेणाऱ्या कंपनीनं आपली संबंधित पेटंटं आधी जाहीर करायची आणि लायसन्स रास्त, वाजवी अटींवर, भेदभाव न करता देऊ असं लिहून द्यायचं. यालाच धंद्यात 'फ्रँड' म्हणतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेनं तर २००४ पासून रॉयल्टीमुक्त धोरणच घेतलं. मोबाइलच्या दुनियेत मात्र पैसे आहेत, कारण तिथं संशोधनावर अफाट खर्च होतो आणि तो कुठून तरी निघावा लागतो. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार 'वाजवी' या शब्दावर आहे, कारण तो मोजायचा कसा हे कुणीच लिहून ठेवत नाही. सिएटलचा एक खटला बघा. मोटोरोलानं २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला कळवलं की वायफाय आणि एच.२६४ या व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीमध्ये आमची पेटंटं आहेत, तेव्हा मालाच्या विक्री किमतीवर सव्वादोन टक्के द्या. म्हणजे कुणी पन्नास हजारांचा लॅपटॉप घेतला तर त्यातले सव्वाअकराशे रुपये मोटोरोलाचे. मग त्याची स्क्रीन भारी असो, की हार्ड डिस्क मोठी असो. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं हे वर्षाला चार अब्ज डॉलर होत होते. २०१३ मध्ये न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी प्रत्येक पेटंट त्या स्टँडर्डमध्ये खरोखर किती कामाचं आहे हे बघत दर ठरवला. व्हिडिओसाठी नगामागे ०.५५५ सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावानं जेमतेम तीस पैसे. एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग यंत्रातल्या वायफायसाठी ३.४७१ सेंट. वर्षाचे मिळून सुमारे अठरा लाख डॉलर. कुठे चार अब्ज आणि कुठे अठरा लाख! मागणी आणि निकाल यांच्यातल्या या दरीत बसून भाव करायची ताकद मायक्रोसॉफ्टकडे होती. तुमच्या-माझ्याकडे नाही.

आपल्याकडे हाच वाद एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीनं आणला. २०१३ च्या मार्चमध्ये त्यांनी मायक्रोमॅक्स या भारतीय फोन कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. मायक्रोमॅक्स स्पर्धा आयोगाकडे गेली आणि आयोगानं त्याच वर्षी चौकशीचा आदेश काढला. त्या आदेशातलं एक उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलंय: तीच चिप शंभर रुपयांच्या फोनमध्ये बसवली तर रॉयल्टी सव्वा रुपया आणि हजाराच्या फोनमध्ये बसवली तर साडेबारा. चिप करते ते काम दोन्हीकडे एकच. मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो. पण न्यायालयात तो टिकला नाही. पेटंटधारकानं हक्क कसा वापरला हे पेटंट कायद्याखालीच तपासायचं, असं म्हणत २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं आयोगाची चौकशी रद्द केली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचं अपील फेटाळलं.

दरम्यान २०२४ च्या मार्चमध्ये लाव्हा या दुसऱ्या भारतीय फोन कंपनीविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं एरिक्सनला २४४ कोटी रुपयांची भरपाई दिली. आठपैकी सात पेटंटं वैध धरली आणि दर लावला तो फोनच्या निव्वळ विक्री किमतीच्या १.०५ टक्के. चिपच्या किमतीवर हिशेब करा, हे लाव्हाचं म्हणणं मान्य झालं नाही. म्हणजे भारतात आज तरी वारं पेटंटधारकाच्या बाजूचं आहे, हे गृहीत धरूनच चाला.

आता तुमचा डॅशकॅम. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांच्या खोक्यावर 'कमाल ३२ जीबी कार्ड' असं छापलेलं असायचं, आठवतंय? त्याहून मोठ्या एसडी कार्डासाठी एसडी असोसिएशननं २००९ मध्ये एक्सफॅट ही फाइल सिस्टिम (कार्डावर फाइली मांडून ठेवायची पद्धत) ठरवली. ती मायक्रोसॉफ्टची. कॅमेरा बनवणाऱ्यांसाठी तिचं लायसन्स त्या काळी सरसकट तीन लाख डॉलर होतं. मोठ्या ब्रँडला ही चिल्लर. हजार-दोन हजार नग काढणाऱ्यानं ३२ वर थांबणंच पसंत केलं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये एक्सफॅटचं तपशीलपत्र खुलं करून लिनक्समध्ये ते घ्यायला पाठिंबा दिला, तेव्हा लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं. तुमच्या कॅमेऱ्याचा सर्किट बोर्ड लिनक्सवर चालत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.७ किंवा पुढचा घ्या. जुन्या कर्नलला कुठून तरी उचललेला ड्रायव्हर चिकटवू नका.

व्हिडिओसाठी एच.२६४ वापरा. तिच्या पेटंट पूलचे (अनेक मालकांची पेटंटं एकत्र करून एकाच ठिकाणी लायसन्स देणाऱ्या व्यवस्थेचे) दर वर्षानुवर्षं असे आहेत: एका कंपनीचे वर्षाचे पहिले एक लाख नग माफ, पुढे पन्नास लाखांपर्यंत नगामागे वीस सेंट, त्यापुढे दहा. माफ म्हणजे लायसन्सच नको असं मात्र नाही. सही करून नगांचा हिशेब कळवावाच लागतो. हा पूल पूर्वी एमपीईजी एलए चालवायची, आता व्हिया चालवते.

पुरवठादार तुम्हाला हमखास एच.२६५ ही तिची पुढची पिढी गळ्यात मारायला बघेल, कार्डावर निम्म्या जागेत चित्रीकरण मावतं म्हणून. ते खरंय. पण तिथं एकाऐवजी अनेक पूल झाले, काही पेटंटधारक कुठल्याच पूलमध्ये नाहीत, आणि प्रत्येकाशी वेगळं बोलत बसावं लागतं. या गोंधळाला कंटाळूनच गूगल, अॅमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी २०१५ मध्ये एकत्र येऊन एव्ही१ या रॉयल्टीमुक्त व्हिडिओ पद्धतीचं काम हाती घेतलं. खुद्द विंडोजमध्ये एच.२६५ साठीचं एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्ट ०.९९ डॉलरला विकते, यावरून काय ते ओळखा.

आणि एक गोष्ट, जिथं नवे लोक नेहमी ठेचकाळतात. चिप विकत घेतली म्हणजे पेटंटचं लायसन्स आपोआप आलं, असं धरून चालू नका. व्हिडिओ चिपच्या डेटाशीटच्या अगदी शेवटच्या पानांवर, जिथं कुणी जात नाही, तिथं बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की या विक्रीत अमुक पेटंटांचं लायसन्स समाविष्ट नाही. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाच्या बोर्डवाल्यांनी हे सरळ ग्राहकापुढेच मांडलं होतं: जुन्या बोर्डावर एमपीईजी-२ हा जुना व्हिडिओ प्रकार हवा असेल तर २.४० पौंड भरा, बोर्डाच्या सिरियल नंबरला जोडलेली डिजिटल चावी मिळेल, ती बोर्डाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाका. बोर्डाची किंमत सगळ्यांसाठी वाढवण्यापेक्षा ज्याला हवं त्यानंच भरावं, असा तो साधा हिशेब होता.

तुमच्या डॅशकॅममध्ये ४जी सिम घालायचा विचार असेल तर पुरवठादाराला ऑर्डर देण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारा: ४जी मॉड्यूलच्या (नेटवर्कशी जोडणाऱ्या तयार सुट्या भागाच्या) किमतीत कुठल्या पेटंटधारकांची रॉयल्टी धरली आहे, आणि उरलेल्यांनी आमच्यावर दावा केला तर भरपाई तुम्ही देणार का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर बहुतेक 'नाही' असंच येईल. तरी ते लेखी घ्याच, कारण मग सिमवाल्या मॉडेलची किंमत त्या 'नाही'सकट ठरवता येते. पहिला लॉट मी तरी वायफायवरच काढला असता.