वाचकांचे प्रश्न : रान राखलं तर गावाच्या पदरात काय पडतं?

प्रश्न : आमच्या वाडीचं 60 एकर सामाईक रान आहे. दर दहा-बारा वर्षांनी ते ठेकेदाराला उक्तं तोडायला देतो. आता एक कंपनी सांगते, 30 वर्षं तोडू नका, कार्बन क्रेडिटचे पैसे देऊ. नक्की किती मिळतील? (संगमेश्वर तालुका)

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेला किंवा झाडांनी शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजतात, त्यावरून सुक्या लाकडाचं वजन काढतात. त्या वजनाचा साधारण 47 टक्के भाग कार्बन असतो. त्याला 44 भागिले 12 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचं वजन निघतं. म्हणजे 1 टन सुकं लाकूड उभं राहिलं तर सुमारे 1.7 टन.

आता तुमच्या रानाचा हिशोब मांडू. आकडे फक्त समजण्यापुरते धरले आहेत. 60 एकर म्हणजे 24 हेक्टर. हेक्टरी वर्षाला 5 टन कार्बन डायऑक्साइडची भर धरली तर 120 क्रेडिटं. वणवा किंवा तोड झालीच तर भरपाई करता यावी म्हणून त्यातली काही राखीव खात्यात जातात. 20 टक्के धरली तर उरली 96. भाव 500 रुपये धरला तर 48,000, आणि त्यातले 60 टक्के गावाला दिले तर 28,800. सातबारावर 40 हिस्सेदार असतील तर माणशी वर्षाला 720 रुपये. शिवाय आराखडा आणि त्रयस्थ संस्थेची तपासणी यांचा खर्च लाखांत जातो, आणि रान लहान आहे म्हणून तो फारसा कमी होत नाही. म्हणून एकट्या वाडीने यात पडू नये. शेजारची गावं जोडून शेकडो-हजारो हेक्टरचा गट झाला तरच गणित बसतं. पैसेही दरवर्षी येत नाहीत. पडताळणी होऊन क्रेडिट जमा झालं की मगच विक्री होते आणि पहिल्या रकमेपर्यंत काही वर्षं जातात.

आणखी एक बाब, जी कंपनीची माणसं सहसा सांगत नाहीत. ऐन, किंजळ ही झाडं तोडली तरी खोडाला फुटवे येऊन रान पुन्हा उभं राहतं. त्यामुळे तुमची तोड ‘जंगल नष्ट होणं’ यात मोजत नाहीत, वनव्यवस्थापन सुधारण्याच्या प्रकारात मोजतात. त्यासाठी यापूर्वी खरोखर तोड होत होती याचा पुरावा लागतो. वनखात्याचे तोडीचे परवाने, ठेकेदाराचे करारनामे, पावत्या आजच एका फाइलीत लावून ठेवा. रान साफ करून काजू किंवा रबर लावायचा खरा धोका असेल, तर मात्र तो प्रकार वेगळा. जंगल वाचवल्याचे आकडे फुगवल्याची टीका 2023 मध्ये जगभर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हेरा या प्रमाणन संस्थेने मोजणीची नवी पद्धत आणली. ‘एकरी इतके हजार हमखास’ असं कोणी म्हणत असेल तर मोजणी कोणत्या पद्धतीने करणार ते लेखी मागा.

प्रश्न : मग पैशापलीकडे गावाला काय मिळतं? (लांजा)

आमच्या मते खरा फायदा तिथेच आहे, पण तो आपोआप मिळत नाही. नुसत्या कार्बनच्या प्रमाणपत्रात लोकांचा वाटा तपासण्यावर भर नसतो. त्यासाठी हवामान, लोकसमूह आणि जैवविविधता अशा तिन्ही बाजू पाहणारं सीसीबी प्रमाणपत्र किंवा प्लॅन व्हिवो हे प्रमाणपत्र आहे का ते विचारा. सीसीबीत गावाची आगाऊ, दबावाशिवाय आणि माहितीपूर्ण संमती लागते, तक्रार निवारणाची लेखी सोय लागते, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि कागदपत्रं 30 दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुली ठेवावी लागतात. प्लॅन व्हिवोत विक्रीच्या रकमेतला किमान 60 टक्के वाटा सहभागी लोकांकडे जावा अशी अट आहे.

मेघालयात खासी टेकड्यांमध्ये मावफ्लांग परिसरातल्या गावांनी प्लॅन व्हिवोखाली रानं राखली. तिथे जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढणं, पुन्हा उगवणारं जंगल सांभाळणं, सुधारित चुली ही कामं गावकऱ्यांच्याच हाती राहिली. केनियात गाझी खाडीवर 117 हेक्टर कांदळवनाच्या क्रेडिटांतून शाळा आणि पाण्याची कामं झाली. पैसे घरोघर न वाटता सामाईक कामावर घातले म्हणून रक्कम लहान असूनही उपयोग दिसला. आपल्याकडे झऱ्यांची दुरुस्ती, झाडं मोजायचं प्रशिक्षण घेतलेली गावची मुलं आणि फेब्रुवारीच्या मध्याआधी पुऱ्या झालेल्या जाळरेषा एवढं पदरात पडलं तरी मोठं काम झालं.

प्रश्न : आमच्याकडे सातबारा नाही. राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळ म्हणजे पाला-फांद्या आणि चुलीसाठी फाटी त्याच रानातून आणतो. ते बंद होईल का? (रोहा तालुका, आदिवासी वाडी)

बंद करू देऊ नका. आणि हे प्रकल्पाच्याही हिताचं आहे. फाटी बंद झाली की माणसं शेजारच्या रानात जातात, तिथली तोड वाढते आणि तपासणीत तेवढी क्रेडिटं वजा होतात. म्हणून आराखड्यातच कवळतोडीचं क्षेत्र, फाटीचं क्षेत्र आणि पाळी ठरलेली असावी. राबाचा पाला कमी करायचा तर आधी गिरिपुष्प बांधांवर लावून द्यावं. ते तोडणीला येईपर्यंत जुनी वहिवाट चालू राहिली पाहिजे.

त्याआधी एक काम उरका. रान वनखात्याचं असेल तर वनहक्क कायदा, 2006 खाली सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेमार्फत दाखल करा. हक्क मान्य झाला की प्रकल्पाला ग्रामसभेशी बोलणं टाळता येत नाही. खासगी रान असेल तर मालकांच्या करारात ‘भूमिहीन वापरकर्ते’ असं स्वतंत्र कलम आणि त्यांचा वाटा लिहून घ्या. तोंडी शब्द मालक बदलला की संपतो.

प्रश्न : करारावर सही करण्याआधी काय बघायचं? (कणकवली)

वाटा एकूण विक्रीवर आहे की ‘खर्च वजा जाता’ उरलेल्यावर, हे पहिलं. दुसऱ्या प्रकारात खर्चाला वरची मर्यादा नसेल तर हाती काहीच येत नाही. विक्रीचा दर आणि खरेदीदार गावाला कळवणं बंधनकारक आहे का ते पाहा. कुलमुखत्यारपत्र मागितलं तर ते फक्त क्रेडिटपुरतं द्या, जमिनीपुरतं नको. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढणार का, जमीन विकली तर नव्या मालकावर करार लागू राहणार का, वणव्यात रान जळलं तर भरपाई कोणावर, हे प्रश्न वकिलाला दाखवून लेखी घ्या.

कोकणात करार फिसकटतात ते बहुधा हिश्शांवरून. आजोबांचं नाव सातबारावर, वारस मुंबईत, सुरतेत, कोणी परदेशात. आधी वारसनोंदी आणि फेरफार पुरे करा, मग सर्व सहहिस्सेदारांची संमती. गणपतीत चाकरमानी गावी येतात, ती सभेची योग्य वेळ. एकाने सही केली नाही तर त्याचा हिस्सा मोजणी करून वेगळा काढावा लागतो.

प्रश्न : आमच्या खाडीत दाट कांदळवन आहे. त्याचे क्रेडिट मिळेल? (देवगड)

उभ्या कांदळवनाला तोडबंदी आधीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर ते नष्ट करण्यावर बंदी घातली. कायद्यानेच जे राखायचं आहे ते राखल्याबद्दल क्रेडिट मिळणं अवघड. वाव आहे तो भरतीचं पाणी अडल्यामुळे मेलेल्या जागा पुन्हा जिवंत करण्यात. तिथे रोपं लावण्याआधी पाणी कुठे अडलंय ते शोधा. बुजलेला ओहोळ मोकळा न करता लावलेली तिवराची रोपं सहसा पावसाळ्यानंतर मरतात. जागा खारबंदिस्तीतली, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून शेतीसाठी राखलेली असेल तर बांधाआतल्या शेतकऱ्यांची संमती आधी घ्या. पाणी आत सोडलं की त्यांचं भात जातं.