तुम्ही विचारलंत : चहा तुरट का होतो?

प्रश्न : कोरा चहा कडक हवा म्हणून पावडर पाण्यात बराच वेळ ठेवतो. कडक होण्याऐवजी तो तुरटच लागतो. काय चुकतं?

उत्तर : कडकपणा वेळ वाढवून नाही, पावडर वाढवून आणावा. सुगंध आणि बरंचसं कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरतं; टॅनिन मात्र पुढेही उतरत राहतं आणि जीभ आवळणारा तुरटपणा त्याचाच. २०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट लहान चमचा पावडर घ्या. पाणी खळखळ उकळलं की गॅस बंद करून ती टाका, झाकण ठेवा आणि ३ मिनिटांनी गाळा. पत्ती मोठी असेल तर ४ ते ५ मिनिटं. आणखी कडक हवा? पावडर ३ ग्रॅम करा, वेळ तोच. गाळणीतला चोथा चमच्याने दाबू नका, उरलेला कडवटपणा कपात येतो. ग्रीन टीला मात्र उकळतं पाणी नकोच. ८० अंशांच्या आसपास पुरे.

प्रश्न : दूध ताजं असूनही आल्याचा चहा फाटतो.

उत्तर : दोष दुधाचा नाही. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, गरम दुधात पडलं की ते दूध साकळवतं. उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. म्हणून किसलेलं आलं आधी पाण्यात ३ मिनिटं चांगलं उकळा, मग पावडर, आणि दूध शेवटी, तेही तापवलेलं.