ख्रिस्ती विषयावरचे मराठी पुस्तक वाचणार कोण, आणि ते विकावे कसे?

आपण लिहिले आहे की आपल्या बारा कथांचा संग्रह दोन प्रकाशकांनी ‘वाचकवर्ग मर्यादित आहे’ असे सांगून परत केला. तेव्हा लिहीत राहावे का, आणि पुस्तक स्वतः काढल्यास विकावे कसे, असा आपला प्रश्न आहे. मी बोरिवलीत राहतो. माझी तीन छोटी पुस्तके निघाली, त्यांतले पहिले सपशेल पडले, आणि जे काही शिकलो ते त्या पहिल्यानेच शिकवले.

वाचकवर्ग लहान आहे हे खरे, पण पुष्कळदा आपल्या भाषेमुळे तो आणखी लहान होतो. माझ्या त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘तारण’ हा शब्द, पापातून सुटका या अर्थाने, चार वेळा आला होता. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी ते पान वाचून अगदी सरळ मनाने विचारले, “तारण कशाचे? घराचे का?” चर्चच्या मंडळीत दर रविवारी कानावर पडणारा शब्द बाहेरच्या मराठी माणसाला कर्जाच्या कागदपत्रांकडे नेतो, ‘अभिषेक’ म्हटले की त्याला पिंडीवरची दुधाची धार दिसते, आणि ‘साक्ष’ त्याला थेट कोर्टात उभे करते. हे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही; पात्रांच्या तोंडी ते यावेतच. निवेदनात मात्र शब्दाच्या जागी प्रसंग यावा. दारू सुटलेला बाप पगाराचे पाकीट न फोडता आईच्या हातात ठेवतो, एवढे नीट लिहिले की ‘त्याचे तारण झाले’ हे वाक्य खोडता येते.

आपल्या पूर्वसुरींनी हे ओळखले होते. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापून निघालेले ख्रिस्तपुराण ओवीत रचले, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, आणि बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीसाठी हिंदू विधवांच्या दुःस्थितीचा विषय घेतला. (त्यातली उपदेशाची पाने आज वाचवत नाहीत, हेही खरे.)

विक्रीबद्दल थोडे. एका मुद्रकाच्या आग्रहावरून मी हजार प्रती छापल्या; त्यांतल्या सहाशे पलंगाखाली राहिल्या आणि दोन पावसाळ्यांत त्यांना बुरशी धरली. आता मी शंभरच छापतो. दर प्रतीचा खर्च वाढतो, पण झोप लागते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, आपल्याकडे सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. बायबलमधील लांब उतारे घेणार असाल, तर त्या भाषांतराच्या प्रकाशकाची परवानगी आधी मागा.

माझी निम्म्याहून अधिक विक्री देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात झाली आहे. फादरांना किंवा पाळकांना आधी एक प्रत वाचायला द्यावी, आणि त्यांनी होकार दिल्यावरच टेबल मांडावे. टेबलावर ढीग न लावता पाच-सहा प्रती ठेवाव्यात आणि क्यूआर कोड मोठा छापून घ्यावा. पहिल्या रविवारी लोक पुस्तक चाळतात, आपली चौकशी करतात आणि बस पकडायला निघून जातात. म्हणून परवानगी लागोपाठच्या दोन रविवारांची मागावी, कारण खरेदी बहुतेक दुसऱ्या रविवारी होते.