एकट्या फोटॉनची ऊर्जा मोजायला इतकी थंडी का लागते?

तुम्ही विचारले आहे की, एकाच फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा मोजण्यासाठी अतिसंवाहक (पुरेशा थंडीत विजेला रोध न करणाऱ्या पदार्थांचे) शोधक का वापरतात, आणि द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्व्हिनला (निरपेक्ष शून्याच्या ७७ अंश वर) चालणारे अतिसंवाहक त्या कामी का येत नाहीत. मी पुण्यात पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या चकतीवर तरंगणारे चुंबक दाखवले की दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हेच विचारतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला किमान १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते. तांबड्या फोटॉनजवळ साधारण १.८ आणि जांभळ्याजवळ ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, पण दोघेही बहुधा एकेकच इलेक्ट्रॉन मोकळा करतात आणि उरलेली ऊर्जा स्फटिकात उष्णता होऊन विरते. टिंबर मार्केटमधल्या वखारीच्या काट्यावर गुंजभर सोने तोलण्यासारखेच हे आहे. ॲल्युमिनियम अतिसंवाहक अवस्थेत असताना मात्र त्यातले इलेक्ट्रॉन जोड्यांनी बांधलेले असतात, आणि अशी एक जोडी तोडायला सुमारे ०.०००३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. त्यामुळे एका दृश्य फोटॉनने हजारो जोड्या तुटतात, आणि त्यांच्या संख्येवरून त्याची ऊर्जा काढता येते.

दुसरा मार्ग मला अधिक सुंदर वाटतो. त्यात टंगस्टनचा पातळ थर सुमारे ०.१ केल्व्हिनला, नेमका रोधहीन अवस्था आणि सामान्य अवस्था यांच्या सीमेवर धरून ठेवतात. तिथे तापमान किंचित वाढले तरी रोध झपाट्याने वाढतो. थरावरचा व्होल्टेज स्थिर ठेवलेला असल्याने फोटॉन आत शिरला की रोध वाढतो, प्रवाह घटतो आणि प्रवाहामुळे थरात निर्माण होणारी उष्णताही तेवढी कमी होते. म्हणजे थर आपण होऊन लवकर पूर्वस्थितीला येतो, आणि या काळात जेवढी विद्युत उष्णता कमी पडली ती जवळपास फोटॉनच्या ऊर्जेइतकीच असते. प्रवाहाच्या आलेखात पडलेल्या खळग्याचे क्षेत्रफळ गुणिले व्होल्टेज, इतका सरळ हा हिशेब आहे. १९९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केंट अर्विन यांनी ही मांडणी पुढे आणली. इतका बारीक प्रवाह स्क्विड या अतिसंवाहक चुंबकमापकाने वाचतात.

आता नायट्रोजनचा मुद्दा. कोणतीही वस्तू थंड ठेवली तरी तिची ऊर्जा सतत किंचित खालीवर होत असते, आणि उष्णता धारण करण्याची क्षमता तेवढीच धरली तर हे चढउतार तापमानाच्या प्रमाणात वाढतात. ०.१ ऐवजी ७७ केल्व्हिन घेतले तर एवढ्यानेच ते ७७० पट होतात. शिवाय तापमानाबरोबर ती क्षमताही वाढत असल्याने प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते. त्यात ७७ केल्व्हिनला चालणाऱ्या अतिसंवाहकांमध्ये जोडी तोडायला लागणारी ऊर्जाही अनेक पटींनी मोठी असते. म्हणून ही थंडी म्हणजे टाळता येण्याजोगा खर्च नव्हे. मापनाची अचूकता तिच्यातूनच येते.

क्ष-किरणांमध्ये हा फरक ठळक दिसतो. ६,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फोटॉनसाठी चांगला सिलिकॉन शोधक सुमारे १३० इलेक्ट्रॉन-व्होल्टइतका भेद ओळखतो, तर अतिसंवाहक शोधक सुमारे २. २०१६ मध्ये हितोमी या जपानी क्ष-किरण उपग्रहाने पर्सियस दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर मोजला. एवढ्या वेगाने लोहाच्या ६,७०० इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळच्या वर्णपटरेषेत (लोह ज्या ठरावीक ऊर्जेचे फोटॉन सोडते तिच्यात) जेमतेम चारेक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो. हितोमीवरचा तापमापक अतिसंवाहक नव्हता, सिलिकॉनचा होता. परंतु तोही ०.०५ केल्व्हिनला ठेवलेला होता आणि एकेका फोटॉनची उष्णताच मोजत होता.

वाचताना एक काळजी घ्या. अतिसंवाहक नॅनोतारेचे शोधकही 'एकल फोटॉन शोधक' म्हणूनच ओळखले जातात, पण ते सहसा फोटॉन आला एवढेच सांगतात, आणि तो कधी आला हे विलक्षण अचूकपणे सांगतात. ऊर्जा हवी असेल तर वर सांगितलेल्या दोन प्रकारांकडेच वळावे लागते.